शब्दचर्चा: माणसाविना माल नेणाऱ्या अंतराळयानाला मराठीत काय म्हणावं?

पाचपाखाडी
लेकीच्या शाळेत पुढच्या आठवड्यात विज्ञान प्रदर्शन आहे. पुठ्ठा, चांदीचा कागद आणि बाटल्यांची बुचं वापरून तिनं अंतराळ स्थानक केलंय. त्याला चिकटलेलं एक हिरवट 'प्रोग्रेस' यान आहे, स्थानकावर सामान पोचवणारं. बाईंनी सांगितलंय की माहितीचं कार्ड मराठीत हवं, आणि कार्ड पोस्टकार्डाएवढंच. मी लिहून दिलं: 'मानवरहित मालवाहू अंतराळ पुरवठा यान'. लेक म्हणाली, "आई, हे वाचून होईपर्यंत यान पोचेल."

पोरीचं म्हणणं खरं आहे. शिवाय 'मानवरहित' मला खटकतं. 'मानवरहित रेल्वे फाटक' लहानपणापासून वाचत आले. तिथून माणसं तर रोज जायची, नसायचा तो फाटकवाला. आणि ते यान स्थानकाला जोडलं जातं, त्याला 'डॉकिंग'च लिहायचं का? सुचवा.

रात्रपाळी
'मानवरहित' काढूनच टाका. ते प्रवासापुरतंच खरं आहे. यान जोडलं गेलं की झडप उघडून अंतराळवीर आत शिरतात, सामान काढतात आणि पुढे कित्येक महिने ते यान अडगळीच्या खोलीसारखं वापरतात. तेव्हा त्याला मानवरहित कोण म्हणेल?

इंग्रजीत पूर्वी 'अनमॅन्ड' म्हणायचे. त्यात पुरुष डोकावतो म्हणून नासानं 'अनक्रूड' धरलं. आपल्या 'मानव'मध्ये बाईमाणूसही येतं, त्यामुळे ती अडचण आपल्याला नाही. 'निर्जीव' मात्र म्हणू नका. 'ड्रॅगन' या अमेरिकेच्या मालवाहू यानातून प्रयोगासाठी उंदीर गेलेले आहेत.

शुद्धमती
'निर्मनुष्य' हा शब्द का टाळता? निर्मनुष्य मालवाहक अवकाशनौका. शुद्ध आणि अर्थवाही.

रात्रपाळी
निर्मनुष्य म्हटलं की मला रात्री दोनचा येऊर रस्ता दिसतो.

तुर्भेकर
ताई, आम्ही दाणा बाजारातली माणसं, आमचं मराठी गोणीतलं. पण एक विचारतो. 'मालगाडी' म्हटल्यावर कोणी 'प्रवासीरहित मालगाडी' म्हणतं का? नुसतं 'माल' म्हटलं की माणसं नाहीत हे कळतंच. तुमच्या यानाचंही तसंच.

'अवकाशनौका' आमच्या बाजारात चालणार नाही. इथे 'अवकाश आहे' म्हणजे गाडी यायला वेळ आहे. एखादा हमाल विचारेल, किती अवकाश आहे म्हणता?

आणखी एक शब्द देतो, 'खेप'. एक गाडी भरून आली, खाली झाली, ती एक खेप. विहिरीवरून पाणी आणणारी बाईसुद्धा खेपाच घालते. तुमचं ते यान एकदा गेलं म्हणजे एक खेप झाली. 'मोहीम' कशाला? मोहीम म्हटलं की घोडे आठवतात.

रात्रपाळी
खेप झकास! पहिली खेप २० जानेवारी १९७८ ला निघाली. प्रोग्रेस १, सोव्हिएत संघाच्या साल्युत ६ स्थानकाकडे. दोन दिवसांनी पोचली. तेव्हापासून प्रोग्रेसच्या दीडशेहून जास्त खेपा झाल्या. काही वायाही गेल्या. ऑगस्ट २०११ मध्ये एक गेली. एप्रिल २०१५ मध्ये आणखी एक गेली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ड्रॅगनचीही एक. 'खेप वाया गेली' किती नेमकं बसतं बघा. 'मोहीम अयशस्वी' मध्ये माल बुडाल्याची हळहळ नाही.

रशियन लोक बोलताना त्याला 'ग्रुझोविक' म्हणतात, म्हणजे सरळ ट्रक. त्या हिशेबानं आपलं 'अंतराळातला छोटा हत्ती' व्हायला हवं. अडीच टनांच्या आसपास माल नेतो, म्हणजे हत्ती थोडा मोठाच.

पाचपाखाडी
छोटा हत्ती कार्डावर लिहिला तर बाई मलाच प्रदर्शनात मांडतील. पण त्यात नक्की काय काय जातं?

रात्रपाळी
खाणं, कपडे, प्रयोगाचं सामान. वर धुणं नाही, मळलेले कपडे टाकूनच देतात. प्रोग्रेसमध्ये पाणी, हवा आणि स्थानकासाठीचं इंधनही असतं. म्हणजे टेम्पो अधिक टँकर. घोडबंदर रोडवाल्यांना टँकर समजावून सांगायला नको.

परतीची गंमत पुढे आहे. सामान काढून झालं की आत कचरा भरतात, झडप लावतात, सोडून देतात. यान वातावरणात शिरतं आणि कचऱ्यासकट जळून जातं. येताना टेम्पो, जाताना घंटागाडी! अमेरिकेचंच सिग्नस आणि चीनचं त्यानचौ या मालवाहू यानांचंही तेच. ड्रॅगन तेवढं माल घेऊन समुद्रात सुखरूप उतरतं.

तुर्भेकर
म्हणजे परतीचं भाडं एकट्या ड्रॅगनला. बाकीचे गाडीच जाळून टाकतात? आमच्या ट्रकवाल्यांना सांगू नका.

गडवाट
कोणीच कसा म्हटला नाही म्हणून लिहितो: 'रसद'. हा शब्द तयार असताना 'पुरवठा' कशाला? फारसीत 'रसीदन' म्हणजे पोचणं. त्यातूनच 'रसीद', पोचल्याची चिठ्ठी. म्हणजे जे पोचतं, पोचायलाच हवं, ते रसद.

जोडीला 'कुमक' आहे, हा तुर्कीतून आलेला. आपण दोन्ही शब्द हल्ली कसेही वापरतो, पण फरक स्वच्छ आहे. कुमक म्हणजे मदतीला येणारी माणसं, रसद म्हणजे दाणागोटा. पानिपतापूर्वी गोविंदपंत बुंदेले अब्दालीची रसद तोडत फिरत होते, कुमक नव्हे. डिसेंबर १७६० मध्ये ते मारले गेले आणि उपासमार आपल्याच छावणीत शिरली.

त्या न्यायानं अंतराळवीर नेणारं सोयूझ ही कुमक, आणि प्रोग्रेस ही रसद. शब्द: रसदयान.

शुद्धमती
फारसी 'रसद' आणि संस्कृत 'यान'! हा समास भेसळीचा आहे. व्याकरण सोडा, कानालाही बोचतो.

तुर्भेकर
'जिल्हाधिकारी' बोचतो का? जिल्हा बाहेरून आलेला, अधिकारी संस्कृत. ठाण्यात त्यांचं अख्खं कार्यालय आहे.

शुद्धमती
जिल्हाधिकारी रूढ झाला आहे, एवढंच म्हणते. तरी 'रसद' म्हटलं की वेढा आठवतो. स्थानकाला कोणी वेढा घातलाय?

रात्रपाळी
घातलाच आहे की. बाहेर निर्वात पोकळी, आतलं अन्न मोजकं. १ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचं कोलंबिया हे शटल यान कोसळलं, कल्पना चावला त्यातच गेल्या. त्यानंतर अडीच वर्षं अमेरिकेची शटलं बंद होती. स्थानकावरची माणसं तिनावरून दोनावर आणली, आणि माल नेणारं एकटं प्रोग्रेस उरलं. २००४ च्या शेवटी तर अन्न इतकं उतरलं की दोघं मोजून खात होते. डिसेंबरात नाताळाच्या सुमारास प्रोग्रेस पोचलं तेव्हा निभावलं. याला 'पुरवठा' म्हणायचं तर म्हणा, मला तरी रसदच वाटते.

शुद्धमती
हे माहीत नव्हतं. बरं, रसद मान्य. यान शब्दावर मात्र माझा हक्क.

गडवाट
कल्पना चावलांवरून आठवलं. ऑक्टोबर २०२० मध्ये जे सिग्नस रसद घेऊन गेलं, त्याला त्यांचंच नाव दिलं होतं. जपाननं आपल्या यानाला 'कोउनोतोरी' म्हणजे करकोचा हे नाव ठेवलं, मौल्यवान गोष्ट सांभाळून आणणारा पक्षी म्हणून. २००९ ते २०२० त्यानं नऊ खेपा केल्या. चीनचं 'त्यानचौ' म्हणजे स्वर्गातली होडी. शुद्धमतीताईंची नौका तिथे आहे.

पाचपाखाडी
रसदयान घेते. चार अक्षरांचं… र-स-द-या-न, पाच. तरी कार्डावर बसतं. आता ते 'डॉकिंग' तेवढं सोडवा. 'जोडणी' लिहिलं तर नळाची वाटते.

शेवाबंदर
मी बंदरात बत्तीस वर्षं काढली, म्हणून बोलतो. आधी एक शंका. टीव्हीवर काही यानं यांत्रिक हातानं पकडून आणतात आणि काही थेट येऊन चिकटतात. दोन्हीला एकच शब्द आहे का?

रात्रपाळी
नाही काका. स्वतः येऊन चिकटतं ते डॉकिंग. प्रोग्रेस तसं करतं. सिग्नस आणि जपानी करकोचा स्थानकापासून थोड्या अंतरावर येऊन थांबायचे, मग आतला अंतराळवीर यांत्रिक हातानं धरून जागेवर बसवायचा. सिग्नसचं अजून तसंच आहे. ते बर्थिंग. ड्रॅगननं तर दोन्ही केलं. मे २०१२ ला पहिल्यांदा पोचलं तेव्हा हातानं धरून बसवलं होतं. डिसेंबर २०२० पासूनचं नवं ड्रॅगन आपलं आपण येऊन चिकटतं.

शेवाबंदर
मग मराठीत ते दोन शब्द आहेतच. कंटेनरचं अजस्र जहाज न्हावा शेव्याला आलं की ते स्वतः धक्क्याला भिडत नाही. बंदराचा पायलट वर चढतो, टग नावाच्या छोट्या बोटी बाजूनं रेटतात, खाली दोर घेतात. तेव्हा आम्ही म्हणायचो, 'जहाज लावलं'. करंजाला पहाटे मासळीची बोट येते ती मात्र स्वतः येते. तिथे म्हणतात, 'बोट लागली'. धक्का एकच, पण लावणारा कोणी असेल तर लावली, नसेल तर लागली.

म्हणून तुमचं प्रोग्रेस लागतं. सिग्नस लावतात.

तुर्भेकर
काका, साष्टांग. आमच्याकडेही 'गाडी गाळ्याला लागली का?' हेच विचारतात. ठाण्याला लोकल फलाटाला लागते. रोज शंभरदा म्हणतो आणि कधी लक्षात आलं नाही.

गडवाट
१६ जानेवारी २०२५ ला इस्रोनं स्पेडेक्सची दोन यानं अंतराळात एकमेकांना जोडली, असं करणारा भारत चौथा देश. तेव्हा बातम्यांमध्ये 'डॉकिंग यशस्वी' असंच होतं. 'यानाला यान लागलं' कोणी लिहिलं नाही.

रात्रपाळी
बरं झालं नाही लिहिलं. 'मला गाडी लागते' म्हणजे काय होतं ते माळशेज घाटात विचारा. अंतराळवीरांनाही पहिले दिवस मळमळतं. 'त्याला यान लागलं' चा अर्थ लोक तोच घेतील. रसदयानाला ती भीती नाही, लागायला आत कोणी नाही.

अवांतर: 'धक्का' पण बघा. यान धक्क्याला लागतं. मग लागल्या जागेवरून इंजिन चालवून स्थानकाला धक्का देतं, कारण चारशे किलोमीटरवरही विरळ हवा असते आणि तिच्या घर्षणानं स्थानक हळूहळू खाली येतं. आणि तिसरा धक्का २५ जून १९९७ चा. रशियाच्या मीर स्थानकावरून कमांडर वासिली त्सिब्लियेव प्रोग्रेस एम-३४ ला दुरून चालवत आणत होते. ते आवरलं नाही, आणि स्पेक्त्र नावाच्या भागावर आदळलं. हवा गळू लागली. तिघांनी घाईघाईनं केबली तोडून ती झडप बंद केली म्हणून वाचले.

शेवाबंदर
म्हणजे ते लागत नव्हतं, लावत होते. बंदरातही बरेच धक्के लावतानाच बसतात.

शुद्धमती
'लागणे' अकर्मक आणि 'लावणे' सकर्मक. माझ्यासारखीनं हे आधी सांगायला हवं होतं. काका, आपल्याला नमस्कार. केवळ 'चालकरहित' हा शब्द का चालणार नाही, तेही या मीरच्या गोष्टीतून कळलं. चालक होता, यानात नव्हता.

पाचपाखाडी
सगळ्यांचे आभार. लेकीनं बसून कार्ड लिहिलं, तिच्याच अक्षरात:

'प्रोग्रेस रसदयान. पहिली खेप १९७८. खाणं, पाणी, इंधन नेतं. आत माणूस नसतो. स्थानकाला आपणहून लागतं. परत येत नाही, कचरा घेऊन जळतं.'

खाली जागा उरली होती, तिथे तिनं एक घंटागाडी काढली आहे. आता एकच शंका: कार्डावर 'लागतं' चालेल की 'लागते' लिहू?

शुद्धमती
लागते.

तुर्भेकर
लागतं.