‘कळसूत्री बाहुलं’, ‘नामधारी’ की ‘ओलीस’? चीनच्या सम्राटांसाठी मराठी शब्द

प्रश्न

चीनच्या हान राजघराण्याच्या शेवटच्या काळावर मराठीत लेख लिहितेय. सम्राट गादीवर आणि कारभार दुसऱ्याच्या हाती, अशा माणसाला चिनी भाषेत ‘ख्वेइलेइ’, म्हणजे बाहुलं, म्हणतात. मी ‘कठपुतळी सम्राट’ लिहिलं, पण ते कानाला हिंदी लागतंय. दुसरा शब्द सुचवा. शिवाय ज्याच्या हातात दोऱ्या असतात त्या मंत्र्याला काय म्हणायचं?

प्रतिसाद

‘कळसूत्री बाहुली’ हा आपला शब्द आहे, तो वापरा. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर मंडळींचा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहिला आहे. दोऱ्या दिसत असतात, तरी थोड्या वेळानं नजर बाहुलीवरच खिळते. ‘ताटाखालचं मांजर’ही चालेल का?

प्रतिसाद

ताटाखालचं मांजर नको. मांजर आपणहून ताटाशी येऊन बसतं, त्याला घासही मिळतो. हानांचा शेवटचा सम्राट श्येन याला कुणी काही विचारलंच नव्हतं. इ.स. १८९ मध्ये दोंग च्वो या सेनापतीनं त्याच्या थोरल्या भावाला पदच्युत करून या आठ-नऊ वर्षांच्या पोराला गादीवर बसवलं. १९२ मध्ये दोंग च्वो मारला गेला आणि पोरगं दुसऱ्या सरदारांच्या तावडीत सापडलं. १९६ मध्ये त्साओ त्साओ या बलाढ्य सरदारानं त्याला आपल्या शू या ठाण्यात नेलं. तिथून २२० पर्यंत तो त्साओ घराण्याच्याच मुठीत होता.

‘बाहुलं’ या शब्दाला माझा आक्षेप आहे तो याच माणसामुळे. सम्राज्ञी फू हिनं त्साओ त्साओविरुद्ध वडिलांना पत्र लिहिलं होतं, ते २१४ साली उघडकीला आलं. ती भिंतीच्या पोकळीत लपली होती, तिथून तिला ओढून काढलं. केस मोकळे, पाय अनवाणी. नवऱ्यासमोरून नेताना तिनं रडत विचारलं, मला वाचवता नाही का येणार? सम्राट म्हणाला, माझा जीव तरी कधीपर्यंत आहे हे मला कुठे ठाऊक आहे. ती कैदेत मेली, तिच्या दोन मुलांना विष दिलं गेलं. हे वाचल्यावर या माणसाला बाहुलं म्हणायला माझी लेखणी उचलत नाही. सत्तेबद्दल लिहायचं असेल तेव्हा मी ‘नामधारी सम्राट’ म्हणतो आणि माणसाबद्दल लिहायचं असेल तेव्हा ‘ओलीस’.

चिनी भाषेतही शब्दांचा असाच झगडा आहे. ‘सम्राटाला धरून सरदारांना हुकूम सोडणे’ ही म्हण त्साओ त्साओला कायमची चिकटली आहे. तिच्यातलं क्रियापद ‘श्ये’, म्हणजे काखेत धरणे. ते चुगे ल्यांगच्या तोंडी आहे, आणि तो विरुद्ध पक्षातला. त्साओ त्साओचा स्वतःचा सल्लागार माओ च्ये यानं मात्र ‘फंग’ हे क्रियापद वापरलं होतं: दोन्ही हातांनी, आदरानं धरणे. सम्राट तोच, धरणारा तोच. एकाला दिसलं की बोचकं मारल्यासारखा बगलेत मारलाय, दुसऱ्याला दिसलं की पूजेच्या ताम्हनासारखा वर धरलाय. अनुवादात दोन्हीकडे ‘ताब्यात घेऊन’ लिहिलं तर सगळं वादंगच पुसलं जाईल. पहिल्याला ‘बगलेत मारून’ आणि दुसऱ्याला ‘शिरोधार्य मानून’ असं काही करा.

प्रश्नकर्ती

हे फार उपयोगी पडलं. आणि मंत्री?

प्रतिसाद (वरचाच लेखक)

चिनी शब्द ‘छ्वानछन’. ‘छन’ म्हणजे दरबारचा सेवक, मंत्री. ‘छ्वान’ म्हणजे सत्ता, पण त्याचा एक जुना अर्थ तराजूचं वजन असा आहे. मेन्सियस या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथात हे अक्षर ‘वजन करणे’ या क्रियापदासारखं येतं: तोलून पाहिलं की जड-हलकं कळतं. म्हणजे ‘छ्वानछन’ हा शब्दशः ‘वजनदार मंत्री’! आपल्या वर्तमानपत्रांत रोज असतो तोच शब्द. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. तरीही तो लेखात वापरू नका. आपल्याकडे ‘वजनदार’मध्ये कौतुक असतं. ‘छ्वानछन’ ही शिवी नसली तरी आरोप नक्की आहे. ‘सत्ता बळकावलेला मंत्री’ लांबलचक वाटेल, पण अर्थ बरोबर पोहोचेल.

आणखी एक खाचखळगा. हानांचाच मंत्री वांग मांग हा इ.स. ६ मध्ये तान्ह्या वारसाच्या नावानं राज्य करू लागला, तेव्हाची त्याची पदवी ‘च्या-सम्राट’. आजच्या चिनी भाषेत ‘च्या’ म्हणजे खोटा, नकली. म्हणून काही जण ‘खोटा सम्राट’ असा अनुवाद करतात. स्वतःला खोटा म्हणवून घेणारी पदवी कोण घेईल? त्या काळी ‘च्या’चा अर्थ तात्पुरता, दुसऱ्याच्या जागी काम पाहणारा असा होता. कचेरीत आपण ‘प्रभारी’ म्हणतो तसा. ‘प्रभारी सम्राट’ लिहा. तीनच वर्षांत, इ.स. ९ मध्ये, त्यानं ‘प्रभारी’ काढून टाकलं आणि स्वतःचं राजघराणं सुरू केलं.

‘बा-हू’ हा शब्दही लेखात येऊ द्या. अर्थ मुजोर, कुणालाच न जुमानणारा. बालसम्राट ची यानं भर दरबारात ल्यांग ची या सर्वेसर्वा सेनापतीकडे बघत म्हटलं, ‘हा मुजोर सेनापती!’ १४६ साली ल्यांग ची यानं त्याला खाण्यातून विष दिलं. शब्द अजून चिनी बोलण्यात जिवंत आहे.

प्रतिसाद

‘नामधारी’ म्हटलं की आम्हाला सातारा आठवतो. छत्रपती साताऱ्यात, कारभार पुण्यात. हे साम्य लेखात घ्यावं का?

प्रतिसाद (वरचाच लेखक)

एका वाक्यापुरतं घ्या, पण फरकासकट. १७७४ साली अवघ्या काही आठवड्यांच्या सवाई माधवरावासाठीही पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच आली. पेशव्यांनी छत्र स्वतःच्या डोक्यावर धरलं नाही. चीनमध्ये वस्त्रांपासून सुरुवात होई आणि सिंहासनापर्यंत मजल जाई. २१२ साली त्साओ त्साओला तीन सवलती मिळाल्या: सम्राटासमोर त्याची वर्दी देताना नाव उच्चारायचं नाही, दरबारात शिरताना त्यानं लगबगीनं चालायची गरज नाही, आणि तलवार-जोड्यांसह दालनात यायची मुभा. पुढच्याच वर्षी तो वेइचा ड्यूक झाला, २१६ मध्ये राजा. सम्राट तो कधीच झाला नाही. २२० मध्ये तो वारला आणि त्याच वर्षी मुलगा त्साओ पी यानं श्येनकडून गादी ‘स्वीकारली’. आधी रिवाजाप्रमाणे वारंवार नकार देऊन.

प्रश्नकर्ती

‘श्येन’ हे त्याचं खरं नाव का?

प्रतिसाद (वरचाच लेखक)

नाही. जन्मनाव ल्यू श्ये. ‘श्येन’ हे मरणोत्तर नाव, वेइ दरबारानं, म्हणजे त्साओंच्या नव्या राजघराण्यानं, दिलेलं. मरणोत्तर नावांच्या नियमांत त्याचा अर्थ बुद्धिमान, शहाणा. रोजच्या भाषेत मात्र ‘अर्पण करणे’. गादी घेणाऱ्यांनीच हे अक्षर निवडलं. त्याआधी एक गोष्ट घडली होती. २२१ मध्ये त्याचा खून झाल्याची अफवा पश्चिमेला त्साओंचा प्रतिस्पर्धी ल्यू पेइ याच्या कानावर गेली. तिकडे सुतक पाळून त्याला ‘मिन’, म्हणजे कणव यावी असा, हे मरणोत्तर नाव देऊनही झालं. तो तेव्हा शानयांगचा ड्यूक म्हणून जिवंत होता, आणि पुढे २३४ पर्यंत जगला.