चीट पकडण्यासाठी आपल्या संगणकाच्या गाभ्याची किल्ली द्यावी का?

धागाकर्ता

ऑक्टोबर २०१८मध्ये शांघायला ‘काउंटर-स्ट्राइक’ या नेमबाजीच्या संगणकीय खेळाच्या आशियाई स्पर्धेत ‘ऑप्टिक इंडिया’चा एक खेळाडू पकडला गेला. त्याच्या संगणकावर ‘वर्ड’ असे साधेसुधे नाव दिलेला एमबॉट, म्हणजे नेम आपोआप प्रतिस्पर्ध्यावर नेणारा प्रोग्रॅम, चालू होता आणि पंच तपासायला आले तेव्हा तो बंद करण्याची त्याची धडपड चालली होती. त्याच्यावर ५ वर्षांची बंदी आली, पण संघच बरखास्त झाल्यामुळे त्याच्या निर्दोष साथीदारांनीही सारे गमावले. पंच पाठीशी उभे असताना हे घडू शकते, तर घरी बसून खेळल्या जाणाऱ्या रँकच्या सामन्यांत काय होत असेल?

म्हणूनच ‘व्हॅलोरंट’ या अशाच खेळाने २०२०पासून वापरलेल्या ‘व्हॅनगार्ड’सारख्या, विंडोज सुरू होतानाच कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या सर्वाधिकार असलेल्या गाभ्यात, चालू होणाऱ्या पहाऱ्याचे मी समर्थन करतो. आजची चीट सॉफ्टवेअरे स्वतःच कर्नलमध्ये शिरतात, आणि वरच्या थरातल्या पहारेकऱ्याला खालच्या थरातला चोर दिसत नाही. दोन-दोन वर्षे रोज सराव करून नेम कमावणाऱ्या मुलांना एवढे संरक्षण मिळालेच पाहिजे.

प्रतिसाद १

आपली तळमळ पटते, उपाय पटत नाही. आमच्या घरी एकच संगणक आहे. त्यावर मी रात्री खेळतो आणि सकाळी वडील बँकेचे व्यवहार करतात. खेळासाठी दिलेली ही परवानगी प्रत्यक्षात त्यांच्याही वतीने दिली जाते, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते.

ही भीती निराधार नाही. २०१३मध्ये अमेरिकेतील ‘ईएसईए’ या ऑनलाइन सामने भरवणाऱ्या कंपनीच्या खेळाडूंना बसवाव्या लागणाऱ्या चीटरोधक सॉफ्टवेअरमध्ये बिटकॉइन खणणारा कोड निघाला आणि सुमारे १४ हजार संगणक त्यात वापरले गेल्याचे न्यू जर्सी राज्याच्या कारवाईत पुढे आले. २०२२मध्ये तर ‘गेनशिन इम्पॅक्ट’ या खेळाचा चीटरोधक ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमध्ये चालणारा प्रोग्रॅम, खंडणीखोरांनी हत्यार म्हणून वापरला. तो ड्रायव्हर रीतसर डिजिटल स्वाक्षरी केलेला असल्यामुळे विंडोजने त्याला हरकत घेतली नाही, आणि त्याच्याच आधारे त्यांनी अँटीव्हायरस बंद पाडला. त्यासाठी संगणकावर तो खेळ असण्याचीही गरज नव्हती. जुलै २०२४मध्ये ‘क्राउडस्ट्राइक’ या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, ते चीटरोधक सॉफ्टवेअर नव्हते, पण कर्नलमधली एक चूक किती महाग पडते ते सर्वांनी पाहिले.

पहारा खेळाडूच्या संगणकावर नव्हे, तर खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवावा. ‘व्हॅलोरंट’चाच सर्व्हर प्रतिस्पर्धी दिसण्याच्या बेतात येईपर्यंत त्याचे ठिकाण आपल्या संगणकाला कळवत नाही. जी माहिती संगणकावर आलीच नाही, ती वॉलहॅक, म्हणजे भिंतीआडचे प्रतिस्पर्धी दाखवणारी चीट, कुठून दाखवणार?

धागाकर्ता

ईएसईएचे उदाहरण गंभीर आहे, ते मी मान्य करतो. मात्र सर्व्हरवरचा उपाय आपण सांगता तितका पुरेसा नाही. पिंगमुळे, म्हणजे सर्व्हरशी माहितीच्या ये-जा करण्याला लागणाऱ्या वेळेमुळे, होणारा उशीर भरून काढायचा, तर प्रतिस्पर्धी कोपऱ्यावरून डोकावण्याच्या थोडे आधीच त्याचे ठिकाण पाठवावे लागते, आणि तेवढ्या क्षणार्धाचा फायदाही चीट करणाऱ्याला पुरतो. एमबॉटला तर समोर दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावरच नेम धरायचा असतो, त्यामुळे तिथे माहिती लपवण्याचा काहीच उपयोग नाही. शिवाय व्हॅनगार्ड हवे तेव्हा बंद करता येते. पुन्हा खेळण्यासाठी संगणक रीस्टार्ट करावा लागतो, इतकेच.

प्रतिसाद २

मी कर्नलच्या पहाऱ्याच्या विरोधात नाही, पण तो अभेद्य आहे असे कोणी समजू नये. काही जण संगणकात एक वेगळे कार्ड बसवून खेळाची मेमरी दुसऱ्याच संगणकावर वाचतात. चीटचा प्रोग्रॅम पहारा असलेल्या यंत्रावर चालतच नाही. म्हणजे पैसेवाला लबाड निसटण्याची शक्यता राहते आणि तपासणीचा भार मात्र प्रामाणिक खेळाडूच्या संगणकावर पडतो.

माझा आग्रह एका वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचे खाते एका खेळात कायमचे बंद झाले. त्याने चीट वापरली नव्हती, हे मी शेजारी बसून पाहिलेले आहे. अपिलाला तीन ओळींचे ठरीव उत्तर आले आणि कोणता पुरावा सापडला, ते शेवटपर्यंत कळले नाही. पद्धत उघड केली तर चीट विकणारे शहाणे होतील, हे मला समजते. परंतु अपील माणसाने वाचावे आणि निदान कोणत्या सामन्यासाठी बंदी आली तेवढे सांगावे, यात गुपित फुटण्यासारखे काय आहे? किल्ली मागणाऱ्या कंपनीने एवढे मान्य करेपर्यंत माझे मत धागाकर्त्यांच्या बाजूने पडणार नाही.