आकार नसलेला तुकडाच कामाचा

‘ठरावीक आकारच नसेल, तर विषाणूचं प्रथिन पेशीच्या प्रथिनाला धरतं कसं?’ या प्रश्नाच्या उत्तरात थोडी भर. कुलूप-किल्लीची उपमा, म्हणजे दोन पक्के आकार एकमेकांत बसतात ही कल्पना, इथे नडते. धरायला अख्खं प्रथिन लागत नाही. ३ ते १० अमिनो आम्लांचा (प्रथिनाच्या साखळीतल्या कड्यांचा) क्रम पुरतो, फक्त तो मोकळा लोंबकळत हवा.

एचपीव्ही-१६ या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी जोडलेल्या विषाणूचं ई७ हे प्रथिन घ्या. जेमतेम ९८ अमिनो आम्लं. सुरुवातीच्या लवचीक भागात ल्यूसिन, कोणतंही एक, सिस्टीन, पुन्हा कोणतंही एक, ग्लुटामेट असा क्रम. तो पेशीच्या विभाजनाला लगाम घालणाऱ्या आरबी प्रथिनाच्या खाचेत बसतो, आरबीच्या तावडीतून ई२एफ हे विभाजनाची जनुकं चालू करणारं प्रथिन सुटतं आणि निवांत बसलेली पेशी डीएनएच्या प्रती काढायला लागते. विषाणूला तीच यंत्रसामग्री हवी असते, फुकटात! २४ व्या जागच्या सिस्टीनऐवजी ग्लायसिन घातलं की ही पकड जाते. ॲडिनोव्हायरस आणि एसव्ही४० या दुसऱ्या विषाणूंची प्रथिनं, अनुक्रमे ई१ए आणि मोठं टी-अँटिजेन, हीसुद्धा हाच क्रम वापरतात.

एचआयव्हीच्या पी६ या प्रथिनातला प्रोलीन-थ्रिओनीन-ॲलानीन-प्रोलीन हा क्रम पेशीच्या टीएसजी१०१ या प्रथिनाला धरतो. तो बिघडवला तर विषाणूचे तयार कण पेशीपटलाला लटकून राहतात, सुटत नाहीत.

मात्र नुसता क्रम जुळला म्हणून हुरळून जाऊ नका. इतके आखूड क्रम योगायोगानेही ढिगाने सापडतात, आणि घडीत दडलेला क्रम निरुपयोगी. आययूप्रेड या, प्रथिनाचा कोणता भाग बिनआकाराचा असेल याचा अंदाज देणाऱ्या संगणक-प्रणालीचा गुण ०.५ च्या वर आहे का, विषाणूच्या जवळच्या प्रकारांत क्रम टिकलाय का, ते आधी बघा. प्रथिनाच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्डच्या चित्रात तिथे शेवया दिसतील, पीएलडीडीटी (त्या अंदाजाच्या खात्रीचा गुण, १०० पैकी) ५० च्या खाली. त्यांना रचना समजू नये.