माहिती अधिकार: गुजरातच्या हद्दीवरच्या नवापूरच्या पलीकडे अर्ज का जात नाही?

काठावरचा
मंडळी, जरा डोकं लावा. उकाई धरण १९७२ साली पूर्ण झालं, त्याच्या फुगवट्याखाली आमच्या आजोबांची जमीन गेली. आता भावकीत वाद उठलाय, म्हणून भूसंपादनाचा निवाडा आणि मोबदल्याची यादी हवी. अर्ज टाकला. 'अभिलेख आढळून येत नाही' म्हणून तो माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) खाली (कागद दुसऱ्या कार्यालयात असेल तर अर्ज तिकडे पाठवायचं कलम) जुन्या जिल्ह्याला, म्हणजे धुळ्याला गेला. ते ठीकच, नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. तिथून उत्तर आलं: धरण गुजरातचं, तिकडे विचारा. अर्ज पुढे पाठवला नाही, कुठल्या ऑफिसात जायचं तेही लिहिलं नाही.

मग मीच दहाचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तिकडे पोस्टाने धाडला. महिन्याने लिफाफा परत! स्टॅम्पला टाचणीची दोन भोकं, खाली निळ्या शाईत एवढंच: 'फी भरेल नथी', म्हणजे फी भरलेली नाही. आपला स्टॅम्प तिकडे चालत नाही आणि फी २० रुपये आहे, हे मला तेव्हा कळलं.

माझं म्हणणं असं की महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशने माहिती अधिकारापुरता आपसात करार करावा. चुकून दुसऱ्या राज्यात गेलेला अर्ज पाच दिवसांत पुढे पाठवायचा आणि एकमेकांची फी चालवून घ्यायची. कायदा २००५ चा, तिघांना एकच आहे ना?

रावेरचा केळीवाला
कायदा एक, नियम ज्याचे त्याचे. मी बुऱ्हाणपूरला माल घालतो, तिकडचा अनुभव आहे. मध्य प्रदेशात अर्जाला १० रुपये, पण पहिल्या अपिलाला ५० आणि दुसऱ्याला १००. आपल्याकडे दोन्ही अपिलांना वीस-वीस. आता तिघं 'एकसारखं करू' म्हणून बसले तर आकडा खाली येईल की वर जाईल? आणि आपण तरी त्यांना काय देणार, २०१२ पासूनची, अर्ज १५० शब्दांत बसवायची अट? साहेब लोक एका टेबलावर बसले की सोय साहेबांची होते. मला हा करार नको.

सातपुडा_पायथा
केळीवाले, तुमचं अपिलापर्यंत तरी जातं. नर्मदेवरच्या सरदार सरोवरात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी-अक्कलकुव्याची ३३ गावं आली. त्यांचे थोडे कागद नंदुरबारला, थोडे गुजरातेत, थोडे इंदूरला नर्मदा नियंत्रण प्राधिकरणात. पाड्यावरच्या माणसाने तीन ठिकाणी, तीन तऱ्हेने फी भरायची? १९७९ च्या नर्मदा लवादानंतर पाण्यासाठी चार राज्यं इंदूरला एकत्र बसतातच की. मग कागदासाठी का नाही? माझा कराराला पूर्ण पाठिंबा.

रावेरचा केळीवाला
त्या एकत्र बसण्याने विस्थापितांचं किती भलं झालं, तेही सांगा.

रुमालवाला (निवृत्त महसूल)
अकरा वर्षं हे अर्ज हाताळलेत, म्हणून थोडं लांबण लावतो.

कलम ६(३) मध्ये 'दुसरं सार्वजनिक प्राधिकरण' एवढंच आहे, ते त्याच राज्यातलं हवं असं कुठे लिहिलेलं नाही. पण २००८ साली केंद्राने आपल्या कार्यालयांना परिपत्रक काढलं: विषय राज्याचा असेल तर अर्जदाराला तसं कळवा, अर्ज तिकडे पाठवायची गरज नाही. ते होतं केंद्राच्या ऑफिसांसाठी, पण आमच्याकडेही हीच सवय. आवक-जावक रजिस्टरात 'अर्जदारास कळविले' लिहिलं की फाईल बंद.

आता कराराची अडचण. उद्या नंदुरबारहून गुजरातेत व्याऱ्याला (तापी जिल्ह्याचं ठाणं) पाठवलेला अर्ज तिकडे तसाच पडून राहिला, तर रोजचे २५० आणि जास्तीत जास्त २५,०००, हा दंड कोणी कोणाला करायचा? आपला राज्य माहिती आयोग तिकडच्या अधिकाऱ्याला हात लावू शकत नाही. केंद्रीय आयोगही राज्यांच्या आयोगांवरचा वरिष्ठ नाही. करारावर सह्या होतील, फोटो छापून येतील, अर्ज तिथेच.

करायचं तर कलम ४ चं, म्हणजे माहिती आपणहून जाहीर करायचं काम करा. निवाडे स्कॅन करून टाका, म्हणजे अर्जच नको. रेकॉर्ड रूममध्ये लाल रुमालात बांधलेले गठ्ठे मी पाहिलेत. गाठ सोडली की कडेचा कागद पापडासारखा मोडतो. आणि उंदरांना राज्याची हद्द कळत नाही.

काठावरचा
साहेब, स्कॅन होईपर्यंत आमची तिसरी पिढी भांडेल. कलम ४ ला १२० दिवसांची मुदत होती, तीही २००५ सालीच!

भरीत_प्रेमी
तुन्हं म्हननं खरं शे भाऊ. पण करार करणार कुठे? शेजारी राज्यांनी एकत्र बसायला केंद्राच्या विभागीय परिषदा आहेत, पण पश्चिम विभागीय परिषदेत महाराष्ट्र आणि गुजरात आहेत, मध्य प्रदेश मध्य विभागात. तिघांना एकत्र बसायला बाकडंच नाही. (नवापूर स्टेशनावर आहे एक, अर्धं इकडे अर्धं तिकडे. पण रेल्वे केंद्राची, तिथे ही भानगडच नाही!)

सातपुडा_पायथा
भाषेचं कोणी बोललंच नाही. कलम ६(१) म्हणतं, अर्ज जिथे करतोय त्या भागाची राजभाषा चालेल, नाहीतर हिंदी किंवा इंग्रजी. मी नवापुरातून मराठीत लिहून व्याऱ्याला पोस्टाने टाकला, तर अर्ज 'केला' कुठे?

रुमालवाला (निवृत्त महसूल)
मुद्दा चोख आहे. मी तुमच्या जागी असतो तर वाद न घालता हिंदीत लिहिलं असतं.

रावेरचा केळीवाला
बघा, करार नसतानाही वाट निघतेय. एक मात्र मान्य: एकमेकांची फी घ्यायला कायदा बदलावा लागत नाही, नियमात एक ओळ पुरते. तेवढीच मागा, मी सही करतो. 'सहकार्य' असा मोठा शब्द मागायला गेलात तर समिती मिळेल.

काठावरचा
तिकडे गुजरातेत सोनगडला मावसभाऊ आहे. तो रोख २० रुपये भरून हातोहात देईल म्हणतो, पोच घेऊनच हलेल. फी आणि पुढे पाठवणं या दोनच गोष्टींचं निवेदन मी लिहितो, केळीवाल्यांची सही धरून.

रुमालवाला (निवृत्त महसूल)
अर्जात गावाचं बुडण्याआधीचं नाव घाला. तिकडच्या कागदांवर तालुका सोनगड, जिल्हा सुरत असणार, कारण तापी जिल्हा २००७ चा. आपल्या बाजूला धुळे. आजोबांचं नाव गुजरातीत कसं लिहिलं असेल तेही दोन-तीन तऱ्हांनी द्या, नाहीतर पुन्हा 'आढळून येत नाही'.