पोरीला बेटं शिकायला पनामाला धाडायचं, की भीमगड पुरे?

टिळकवाडीकर:
भाची बेळगावात बीएस्सी करतेय, झूलॉजी घेऊन. एका परदेशी विद्यापीठाच्या उन्हाळी फील्ड कोर्सला तिचा नंबर लागलाय. विषय उष्ण कटिबंधातल्या बेटांचा निसर्ग, जागा पनामातलं बारो कोलोरॅडो बेट. फी, विमान, व्हिसा धरून आकडा लाखांत जातोय. ताई पाटल्या मोडायला निघालीय. माझं म्हणणं, पाठवू नये. आपल्या खानापूर तालुक्यात भीमगड आहे, १९० चौरस किलोमीटर, २०११ पासून अभयारण्य. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ आहे, जे जगात दुसरीकडे कुठंच नाही. ते न बघता पनामा कशाला?

खानापूरची लेक:
काका, ती माहिती जुनी झाली. ते वटवाघूळ पुढं मेघालयात आणि कंबोडियातही मिळालं. आणि विषय बेटांचा आहे ओ! भीमगडच्या जंगलाला शेजारी गोव्याचं म्हादई अभयारण्य लागूनच आहे, जनावर इकडून तिकडं जातंय. बेटावर तसं नाही. एक जात संपली की बाहेरून सहजासहजी भर पडत नाही. अमुक एवढ्या जागेत किती जाती टिकतात, हा हिशेब बेटावरच स्वच्छ दिसतो. सगळा कोर्स त्यावरच उभा असतो.

टिळकवाडीकर:
मग अंदमान आहे की! तिथल्या नारकोंडम बेटाचा धनेश पक्षी त्या एकाच बेटावर आहे, बेट जेमतेम ७ चौरस किलोमीटरचं. व्हिसा नको, डॉलर नको.

खानापूरची लेक:
नारकोंडमला कॉलेजच्या पोरांना कोण उतरू देणार? तिथं पोलीस चौकी आहे, परवानगीशिवाय पाऊल ठेवता येत नाही. भीमगडातसुद्धा वनखात्याची चिठ्ठी लागते म्हणा.

निपाणीचे मास्तर:
एक गोष्ट कुणी बोललं नाही. बारो कोलोरॅडो हे समुद्रातलं बेट नव्हेच. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, १९१३-१४ च्या सुमारास गाटून तलाव भरला आणि एका टेकडीचा माथा तेवढा पाण्यावर राहिला. क्षेत्र साधारण १५ चौरस किलोमीटर. १९२३ पासून राखीव. तेव्हापासून तिथल्या नोंदी चालू आहेत, म्हणून किमती. बेट झाल्यावर तिथले कितीतरी पक्षी हळूहळू दिसेनासे झाले. राखीव झाल्यावर जंगल कुणी तोडलं नाही, तरी भोवती पाणी होतं. म्हादईचं पाणी वळवायच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या गप्पा मारणाऱ्या आपल्या भागातल्या पोरीनं हे डोळ्यांनी बघावं असं मला वाटतं.

जांबोटी एसटी:
मास्तर, पाणी भोवती यायला पनामा कशाला पाहिजे? आपल्या खानापूर तालुक्यातलं आमगाव पावसाळ्यात बेटच होतंय. पेशंटला खांद्यावर घालून आणतात. त्याचा कोर्स काढा कुणीतरी.

टिळकवाडीकर:
शंभर टक्के!

सह्याद्री भटक्या:
मी तसला कोर्स केलाय, पनामातच, दुसऱ्या संस्थेकडून. गांबोआ गावाहून लाँचनं बेटावर जायचं, शेजारून कालव्याची अवाढव्य जहाजं जातात. पान कापणाऱ्या मुंग्यांच्या रांगेजवळ आम्हाला बसवलं होतं. हिरवे तुकडे डोक्यावर धरून चालतात, पण ते खात नाहीत; वारुळात त्यांवर बुरशी पिकवतात आणि ती खातात. या मुंग्या फक्त अमेरिका खंडांत आहेत, आपल्या चोर्ला घाटात आयुष्यभर बसलात तरी दिसणार नाहीत. मुंग्यांपेक्षा सवय जास्त कामाची. रोज तोच पट्टा, तीच वेळ, सगळं वहीत. काही दिसलं नाही तर तेही लिहायचं. इथं कॉलेजच्या सहलीत डबा आणि सेल्फी.

टिळकवाडीकर:
वही लिहायला चोर्ल्याचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, चालतो की. तिथल्या देवगांडुळाची (गांडुळासारखा दिसणारा, पाय नसलेला उभयचर) नवी जात २००७ मध्ये नोंदली गेली, ती काय पनामात बसून?

सह्याद्री भटक्या:
ती नोंद करणाऱ्यांना वर्षानुवर्षांचा सराव होता, काका. तो सराव कुठंतरी सुरू व्हावा लागतो.

निपाणीचे मास्तर:
पाटल्यांबद्दल मात्र मी टिळकवाडीकरांच्या बाजूनं. आईचं सोनं मोडून नको. आधी विद्यापीठाकडं फी-सवलत मागा, पुष्कळ ठिकाणी मिळते. आणि या कोर्सचे क्रेडिट इथल्या पदवीत धरणार का, ते लेखी घ्या. तोंडी "होतंय की" वर जाऊ नका.

टिळकवाडीकर:
क्रेडिटचं विचारलंच नव्हतं. ताईला फोन लावतो.