अंधेरीतली सोसायटी, मीटररूम ५० मीटरवर: नेक्सॉन ४५ की विंडसर ३८?

पोडियम_पार्किंग
अंधेरी पूर्व. पार्किंग पोडियमवर (इमारतीच्या खालच्या पार्किंगच्या मजल्यावर), मीटररूमपासून केबलचं अंतर ५० मीटर. रोज ४० किमी, महिन्यातून एकदा कोल्हापूर. टाटाची नेक्सॉन ईव्ही (बॅटरी ४५ किलोवॅट-तास) आणि एमजीची विंडसर (३८) या दोन इलेक्ट्रिक गाड्यांत अडकलोय. कमिटी म्हणते, सोसायटीच्या कॉमन मीटरवर जादा लोड शिल्लक नाही, १५ अँपिअरचा प्लग लावून घ्या. पुरेल का? आणि हायवेवर कोणती बरी?

तांब्याची_तार
रोजच्या ४० किमीला सहा-सात युनिटं लागतात. प्लगवर दोन-सव्वादोन तासांचं काम, तेवढ्याला पुरतो. अडचण येते कोल्हापूरहून रिकामी गाडी आली की. नेक्सॉन २० वरून १०० टक्क्यांवर न्यायला गळती धरून ४० युनिटं: प्लगवर १२ तास, ७.२ किलोवॅटच्या चार्जरवर साडेपाच. अशा प्लगवर गीझर अर्ध्या तासात बंद होतो, गाडी रात्रभर वीज ओढते. सॉकेटची पकड जरा सैल असली की तिथेच तापून ते वितळतं. प्लगच हवा असेल तर १६ अँपिअरचं निळं इंडस्ट्रियल सॉकेट घ्या.

७.२ चा बसवणार असाल तर ६ चौरस मिमीच्या तांब्यात तुमच्या अंतराला ३२ अँपिअरवर १०-१२ व्होल्ट केबलमध्येच कमी होतील. १० चौरस मिमी टाका, सहा-सातवर येतात. ४० अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडतो), ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडतो). साधा एसी टाइप नको, गाडीकडून डीसी (एकाच दिशेच्या प्रवाहाची) गळती झाली तर तो आंधळा होतो, गळती ओळखतच नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखायची सोय नसेल तर टाइप बी लागतो. चार्जर लाल दिवा दाखवून थांबला तर आधी अर्थिंग मोजा. जुन्या इमारतींत बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

कॉमन मीटरला हातच लावू नका. स्वतःच्या नावाने ईव्हीचं वेगळं कनेक्शन मागा, त्याचा दर वेगळ्या वर्गात असतो. घरच्या मीटरवर महिन्याला आणखी अडीच-तीनशे युनिटं चढली की वरचा स्लॅब लागतो. कमिटीकडून केबलच्या मार्गाची लेखी परवानगी घ्या आणि त्यांना हेही सांगा की उद्या २० गाड्या आल्या तर एकाच वेळी १४४ किलोवॅट लागतील. लोड मॅनेजमेंट (उपलब्ध वीज गाड्यांत वाटून देण्याची सोय) असलेले चार्जर गर्दीत प्रत्येक गाडीला ६ अँपिअरपर्यंत खाली आणतात. केबल ट्रे आत्ताच मोठा टाकला तर पुन्हा भिंती फोडायला नकोत.

घाटवाट
कोल्हापूर ३८० किमी धरा. ताशी १०० किमीच्या आत चालवली तर १०० किमीला १५ युनिटं. पूर्ण भरून निघालात आणि १५ टक्क्यांवर थांबलात, तर नेक्सॉन २५५ किमी जाते, म्हणजे साताऱ्याच्या आसपास. विंडसर २१५, शिरवळच्या थोडं पुढे. तिथून विंडसरला ८० टक्क्यांपर्यंत भरावं लागेल, नेक्सॉनला त्याहून कमी. विंडसरचा पुढचा भाग उंच, वेग वाढला की तिचा खप जास्त चढतो. खोपोली ते लोणावळा साधारण ५५० मीटरच्या चढाला अडीच-तीन युनिटं जास्तीची जातात. परतीला लोणावळ्यात १०० टक्के भरू नका, उतारावर रीजनला (ब्रेक लावताना बॅटरीत परत येणाऱ्या विजेला) जागा राहत नाही.

कंपन्यांची चढाओढ बॅटरीच्या आकड्यावर चालली आहे. माझ्या मते आधी डीसीचा, म्हणजे हायवेवरच्या फास्ट चार्जरवर भरण्याचा वेग बघा. विंडसर ३८ जास्तीत जास्त ४५ किलोवॅट घेते, नेक्सॉन ४५ साधारण ६०, महिंद्रा बीई ६ ची मोठी बॅटरी १७५ च्या वर. पण ६० किलोवॅटच्या चार्जरवर दोन गन (गाडीला लावायचे चार्जिंगचे प्लग) लागल्या की बहुतेक ठिकाणी ३०-३० वाटले जातात, मग महागडी गाडीही तिष्ठत बसते. म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची ठिकाणं ठरवून निघा, दोन्ही ॲपच्या वॉलेटमध्ये पैसे ठेवा आणि गन शेवटची कधी वापरली गेली ते बघा. कालपासून कोणी वापरलीच नसेल तर ती बंद असण्याची शक्यता मोठी. ८० टक्क्यांनंतर गन सोडा, पुढचे २० फार हळू भरतात.

पोडियम_पार्किंग
दोघांचेही आभार. विंडसरची बॅटरी भाड्याने घेतली तर?

घाटवाट
सप्टेंबर २०२४ मध्ये ती योजना ९.९९ लाख अधिक किमीला साडेतीन रुपये अशी आली. तुमचे महिन्याचे १,८०० किमी धरले तर नुसतं भाडं ६,३०० रुपये, वीज वेगळी. तुमच्या वापराला बॅटरीसकट विकत घेणंच बरं. तरी आजचा दर आणि किमान किमीची अट शोरूमकडून लेखी घ्या.