टूरिंग बाईक: बॉक्स लावूनच फिरवायची की काढून?

काठावरून (धागाकर्ता)

टूरिंग बाईक, म्हणजे लांबच्या प्रवासाची बाईक, सामानाचे बॉक्स काढून फिरवावी का यावर परवा एका पोस्टमध्ये एका साहेबांनी ठणकावून लिहिलं, "बॉक्स काढलेली टूरिंग बाईक म्हणजे शेपूट छाटलेला मोर. काढूनच फिरवायची तर घेतलीत कशाला?" खाली बदामांचा पाऊस. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

अहो साहेब, टूरिंग बाईक ओळखायची ती बसण्यावरून, टाकीवरून, दिवसभर चालवूनही पाठ शाबूत राहते का यावरून. होंडाच्या ज्या गोल्डविंगच्या तुम्ही आणाभाका घेता ती १९७५ मध्ये आली तेव्हा तिला ना फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं कवच) होतं ना बॉक्स. कंपनीकडूनच सगळा साज चढवून मिळायला १९८० चं इंटरस्टेट मॉडेल उजाडावं लागलं. मधल्या काळात लोक काय मोर छाटत बसले होते?

दोन पॅनियर (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंचे डबे), त्यांची फ्रेम आणि सीटमागचा टॉप बॉक्स, सगळं रिकामं धरलं तरी १५ ते २० किलो सहज भरतं. वर रुंदी जवळपास मीटरभर. एवढा पसारा घेऊन ऑफिसला जायचं आणि आत काय, तर एक रेनकोट! एकदा सगळं उतरवून वळणावळणाच्या रस्त्याला लावा. आपलीच बाईक आहे यावर विश्वास बसत नाही.

कायम_लादलेला

गोल्डविंगची गोष्ट सोयीने अर्धीच सांगितलीत. १९७५ नंतर लोकांनी काय केलं तेही सांगा की. क्रेग व्हेटर या डिझायनरचं विंडजॅमर फेअरिंग लावलं, बाहेरून बॉक्स आणून बसवले. होंडाने १९८० मध्ये जे दिलं ते गिऱ्हाइकांनी आधीच लावून घेतलेलं होतं. म्हणजे बॉक्स हवेच होते, कंपनी देत नव्हती एवढंच.

आणि रेनकोटची चेष्टा नको. माझ्या बॉक्समध्ये पंक्चर किट, छोटा पंप, ग्लोव्ह्जचा दुसरा जोड आणि टो-रोप कायम पडून असतो. ऐनवेळी "अरेच्चा, ते घरी ठेवलेल्या बॉक्समध्ये राहिलं" म्हणायची वेळ येत नाही. शिवाय रोजच्या काढा-घालीत माउंटचे रबर झिजतात, कुलपं ढिली होतात आणि मग खड्ड्याखड्ड्यात खडखडाट. बसलेला बॉक्स हलवू नये.

टॉर्क_रेंच

वजन किती यापेक्षा ते कुठे टांगलंय ते बघा. टॉप बॉक्स मागच्या एक्सलच्याही (चाकाच्या आसाच्याही) मागे असतो. एक्सलपासून ४० सेंमी मागे १० किलो ठेवा. व्हीलबेस (दोन चाकांच्या आसांतलं अंतर) दीड मीटर असेल तर पुढच्या चाकावरचा अडीच किलोहून जास्त भार उचलला जातो.

कायम_लादलेला

अडीच किलो! माझं जॅकेट याहून जड आहे.

टॉर्क_रेंच

पूर्ण ऐकून तरी घ्या. वस्तू बाईकच्या मध्यापासून जितकी लांब, तितका तिचा जडत्वातला वाटा वाढतो, तोही अंतराच्या वर्गाने. त्यात रायडरच्या मागे घुसळलेला वारा नेमका त्याच डब्यावर आदळतो. वेग वाढला की सगळी बाईक सेकंदाला दोन-चार वेळा डावी-उजवी डोलायला लागते, तो वीव्ह. डोलायला लागली की घाबरून हँडल आवळू नका, थ्रॉटल हळू सोडा. बॉक्सच्या आत किंवा मॅन्युअलमध्ये वजन आणि वेगाची मर्यादा छापलेली असते, साधारण १० किलो. ती कोण वाचतंय म्हणा! ट्रायम्फने २०१२ च्या ट्रॉफी या टूरिंग बाईकमध्ये दोन्ही पॅनियर एकमेकांना जोडून जवळपास ५ अंशांत झुलते ठेवले होते, ते काय हौस म्हणून?

आणि आता माझा जुना राग. बॉक्स भरल्यावर मागचा प्रीलोड (सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा ताण) किती जण वाढवतात? मागची बाजू बसते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि हे महाशय "हँडल हलकं लागतंय" म्हणून टायरच्या नावाने बोटं मोडतात.

मागची_सीट

इथे सगळे पुढे बसणारेच दिसतायत. आमच्या ह्यांनीही "जरा हलकी करतो" म्हणत टॉप बॉक्स काढला होता. येताना प्रत्येक गिअरला पोट आवळलेलं आणि दोन्ही हात मागच्या रॉडला. उतरल्यावर बोटं सरळ होईनात. तुमचा वीव्ह तुम्ही सांभाळा, मला पाठ टेकायला हवी.

टॉर्क_रेंच

ताई, त्यासाठी नुसती बॅकरेस्ट मिळते.

मागची_सीट

मिळते ना. तिच्यात माझं हेल्मेट ठेवून कुलूप लावता येत असेल तर आजच सांगा.

चिखलवाट

बॉक्स हवेत की नकोत ते नंतर बघू, आधी हे चौकोनी ॲल्युमिनियमचे डबे बंद करा. मऊ वाळूत बाईक रुतायला लागली, सवयीने पाय टेकला, पाय तिथेच अडकला आणि बाईक पुढे सरकत राहिली. पॅनियरची कड मागून पोटरीवर आली आणि पाय डब्याखाली. घोट्याच्या वरचं हाड मोडलं. सॉफ्ट बॅग असती तर काळंनिळं होऊन भागलं असतं. तेव्हापासून ग्रुपमध्ये हार्ड बॉक्सवाला दिसला की मी चार हात लांब.

कायम_लादलेला

माझा अनुभव बरोब्बर उलटा. ओल्या रस्त्यावर घसरलो, बाईक क्रॅश गार्ड आणि पॅनियरवर आडवी टेकली, पाय मधल्या पोकळीत सुखरूप. पॅनियरला पोचा आला, तो लाकडी हातोडीने काढला. सॉफ्ट बॅग असती तर अख्खी बाईक पायावर असती.

चिखलवाट

तुम्ही डांबरावर पडलात, मी वाळूत. यात उलटं काय? ज्यांना गुळगुळीत रस्ताच माहीत आहे त्यांनी आम्हाला शिकवू नये.

रिव्हेट

सॉफ्ट बॅगवाल्यांचं कौतुक पुरे. पट्टा जरा ढिला झाला, बॅग सायलेन्सरला टेकली आणि थांबेपर्यंत एका बाजूला तळहाताएवढं भोक. आतल्या झोपायच्या पिशवीचं प्लास्टिक वितळून शर्टांना चिकटलेलं. कुलपाचं तर नावच नको, ब्लेडवाल्याला अर्धा मिनिट पुरे.

आणि ॲल्युमिनियम म्हणजे दिखावा म्हणणाऱ्यांसाठी: एल्स्पेथ बिअर्ड १९८२ मध्ये बीएमडब्ल्यू आर ६०/६ वर जगाच्या फेरीला निघाली. सिडनीत असताना तिने पत्रा वाकवून, रिव्हेट मारून, कुलूप लागतील असे बॉक्स स्वतःच्या हाताने बनवले.

चिखलवाट

तिने गरज म्हणून बनवले हो. तुम्ही स्टिकर चिकटवायला जागा हवी म्हणून विकत घेतलेत.

रिव्हेट

व्यक्तिगत होऊ नका. माझ्या बॉक्सवर एकच स्टिकर आहे आणि तो रिफ्लेक्टरचा आहे.

काठावरून

धागा कशावर होता आठवतंय का कोणाला? असो. ॲल्युमिनियमचा विषय निघालाच आहे तर: दिवसभराच्या थरथरीत स्टीलचा डबा पॅनियरच्या भिंतीला घासून काळसर भुकटी पडते आणि ती पांढऱ्या कपड्यावरून जन्मात निघत नाही. टूथपेस्टच्या ट्यूबला तर घासून आरपार भोक पडतं. आत अस्तराची पिशवी ठेवा. टूरला माझेही बॉक्स असतातच, तो वादच नाही. टूर संपल्यावरही ते का टांगून ठेवायचे, यावर अजून एकाने धड उत्तर दिलेलं नाही.

मागची_सीट

काढलेले बॉक्स तुम्ही घरात कुठे ठेवता, यावर तुम्ही तरी कुठे दिलंय? आमच्याकडे बेडखाली आहेत. झाडू मारताना रोज पायाच्या बोटाला लागतात.

कायम_लादलेला

चला, केवळ तुमची तोंडं बंद करायला पॅनियर काढून फिरून आलो. वळणात पटकन झुकते, मान्य. गर्दीतून आरसा जातो तिथून शेपूटही जातं, हेही मान्य, करा टाळ्या. टॉप बॉक्स मात्र काढणार नाही. आणि रिकाम्या फ्रेमच्या टोकाला अडकून पँट गुडघ्यापर्यंत फाटली, तिची भरपाई धागाकर्ते देतायत का?

काठावरून

फ्रेमही काढायची असते हो.

कायम_लादलेला

तिचा एक बोल्ट सायलेन्सरच्या मागे आहे, पाना तिरका घातला तरी फिरत नाही. रविवारी या, तुम्हीच काढा.